राजांनी स्वतःची स्तुती कोरली, ती आपण कशी वाचायची?

गेल्या काही वर्षांत लेणी पाहायला जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढली आहे. अनेक जण धम्मलिपी शिकतात आणि भिंतीवरचे अक्षर न् अक्षर लावून वाचतात. ही मोठी गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी जे काम मोजके संशोधक करत होते, ते आज आपल्या वस्तीतील मुले-मुली रविवारी लेण्यावर जाऊन करत आहेत.

पण त्याबरोबर एक अडचणही आली आहे. मोठ्या शिलालेखातील एखादे विशेषण उचलले जाते आणि मोबाईलवर फिरू लागते. "राजाने लेण्याला दान दिले, म्हणजे तो बौद्धच होता," असे एक जण लिहितो. "त्याच लेखात चातुर्वर्ण्याची स्तुती आहे, म्हणजे तो वैदिक होता," असे दुसरा उत्तर देतो. गंमत म्हणजे दोघांच्याही ओळी एकाच भिंतीवरच्या असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. चूक ओळीत नसते, वाचण्याच्या पद्धतीत असते. राजाची प्रशस्ती म्हणजे काय हे समजून न घेता ती साक्ष म्हणून वापरली की असे होते.

प्रशस्ती म्हणजे काय?

प्रशस्ती म्हणजे स्तुती. राजाचे कुळ, त्याचे विजय, त्याचे रूप, त्याचे दान, प्रजेवरील त्याचे प्रेम हे सगळे कोरलेला लेख म्हणजे प्रशस्ती. हा लेख राजा स्वतः किंवा त्याच्या घरचे लोक कोरून घेत. लिहिणारा दरबाराच्या पगारावर असे. समुद्रगुप्ताची प्रसिद्ध प्रशस्ती लिहिणारा हरिषेण हा साधा कवी नव्हता. तो संधिविग्रहिक, कुमारामात्य आणि महादंडनायक अशी मोठी पदे सांभाळणारा अधिकारी होता आणि त्याने ही पदे लेखाच्या शेवटी आपल्या नावासोबत नोंदवून ठेवली आहेत. म्हणजे राजाची स्तुती करणारा माणूस राजाच्याच मर्जीवर जगणारा होता.

अशा लेखांचा एक साचा ठरून गेला होता. राजाचे घोडे समुद्राचे पाणी पितात. शत्रू त्याच्या पायाशी येतात. तो फक्त धर्माप्रमाणे कर घेतो. प्रजेच्या सुखदुःखात तो सहभागी असतो. त्याची तुलना राम, अर्जुन, इंद्र, कुबेर यांच्याशी होते. राजे बदलतात, वंश बदलतात, विशेषणे मात्र फारशी बदलत नाहीत. म्हणून प्रशस्ती वाचताना लक्षात ठेवायचे की हा राजाच्या आयुष्याचा अहवाल नाही. राजाला आपण कसे दिसावे असे वाटत होते, ते त्यात आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर चौकात लावलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून कोणी त्या नेत्याचा इतिहास लिहीत नाही. पण त्या फ्लेक्सवर कोणाचे फोटो आहेत आणि कोणाचे नाहीत, यावरून राजकारण मात्र कळते.

नाशिकची प्रशस्ती: एका भिंतीवर दोन गोष्टी

आपल्या महाराष्ट्रातील सर्वात महत्त्वाची प्रशस्ती नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तिथे, लेणे क्रमांक ३ मध्ये आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी ती कोरली गेली. कोरून घेणारी त्याची आजी गौतमी बलश्री. स्तुती आहे तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची. भाषा प्राकृत आहे.

या लेखात बलश्री आपल्या मुलाबद्दल बरेच काही सांगते. त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा नाश केला. क्षहरात वंश मुळापासून उखडला. सातवाहन कुळाची कीर्ती पुन्हा उभी केली. क्षत्रियांचा गर्व मोडला. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. अस्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती असे अनेक प्रदेश त्याच्या राज्यात होते. आणि याच यादीत दोन विशेषणे येतात, ज्यांवरून सर्वाधिक वाद होतात. एक, 'एकब्राह्मण'. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ अद्वितीय ब्राह्मण असा घेतात. दुसरे, त्याने चारही वर्णांचा संकर थांबवला.

आता हाच लेख शेवटी कशासाठी आहे? तर हे लेणे भद्रयानीय भिक्खू संघाला दान दिल्याची ती नोंद आहे. लेण्याच्या देखभालीसाठी एक गावही दिलेले आहे. म्हणजे वर्णसंकर थांबवला म्हणून राजाची पाठ थोपटणारा मजकूर भिक्खूंच्या निवासाच्या भिंतीवर कोरला गेला, आणि तोही दानपत्राचा भाग म्हणून.

यावरून काय सिद्ध होते? गौतमीपुत्र बौद्ध होता हे सिद्ध होत नाही. सातवाहनांना संघाशी देणेघेणे नव्हते हेही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की राजघराण्याला दोन वेगवेगळ्या लोकांसमोर दोन वेगवेगळी रूपे दाखवायची होती. ब्राह्मणी समाजव्यवस्थेचा रक्षक म्हणून मान्यता हवी होती. आणि नाशिकसारख्या व्यापारी मार्गावरील भागात, जिथे संघाला व्यापारी, कारागीर आणि गावकरी मानत होते, तिथे संघाचा आश्रयदाता म्हणूनही मान्यता हवी होती. राजासाठी दान हा श्रद्धेचा विषय असेलही, पण तो सत्तेचाही विषय होता.

आणखी एक गोष्ट. राजा खरोखर वर्णसंकर थांबवू शकला असता, तर ते कोरून सांगावे लागले नसते. समाजात मिश्रण होत होते, परके लोक येऊन राहत होते, दान करत होते, म्हणूनच कोणाला तरी ते थांबवल्याचे श्रेय घ्यावेसे वाटले. त्रिरश्मी डोंगरावरच यवन दात्याने कोरलेले लेणे आहे. प्रशस्तीतील अभिमानाच्या ओळीतून त्या काळाची भीतीही वाचता येते.

तपासायचे कसे?

मग प्रशस्ती सगळी खोटीच असते का? नाही. ती तपासावी लागते.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३ हजारांहून अधिक नाणी होती. ती क्षहरात राजा नहपान याची होती. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे पुन्हा उठवले होते. शत्रूच्या नाण्यावर आपला ठसा मारणे म्हणजे त्याचा खजिना आणि बाजार ताब्यात आल्याची खूण. म्हणजे क्षहरात वंश उखडल्याचा बलश्रीचा दावा केवळ कवीची कल्पना नव्हती. भिंतीवरील शब्दाला जमिनीतून निघालेल्या नाण्याने दुजोरा दिला.

आता उलट उदाहरण त्याच लेण्यातले. प्रशस्तीत राजा पौरजनांच्या सुखदुःखाला आपले सुखदुःख मानतो. पण त्याच लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्राच्या काळातील सरकारी आदेशही कोरलेले आहेत. त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला आदेश गेला की पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्खूंना द्यावे. उषवदात म्हणजे हरलेल्या नहपानाचा जावई. नंतर २४ व्या वर्षी दुसरा आदेश निघाला. त्यात म्हटले आहे की कखडी गावात आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत.

मित्रांनो, या साध्या आदेशाकडे नीट पाहा. त्यात एकही विशेषण नाही. पण तो सांगतो की युद्धानंतर त्या भागातील एक गाव ओसाड होते आणि शेत पडीक होते. कोणी मारले गेले, कोणी पळून गेले, हे कोणी लिहिले नाही. प्रशस्तीत विजय दिसतो. त्या विजयाच्या काळातील गावाची अवस्था कारकुनी आदेशात दिसते. लेण्यावर गेलात तर मोठ्या लेखाइतकाच वेळ या आदेशांनाही द्या.

शत्रूची बाजू: गिरनारचा खडक

दुसरी कसोटी म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा लेख. गुजरातमधील जुनागढजवळ, गिरनारच्या पायथ्याला एक मोठा खडक आहे. त्यावर सम्राट अशोकाचे लेख आहेत. त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन याचा संस्कृत लेख आहे. त्याचा काळ साधारण इ. स. १५०. मोठ्या राजकीय प्रशस्तीसाठी संस्कृत गद्य वापरल्याचे हे फार सुरुवातीचे उदाहरण आहे.

रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला त्याने दोन वेळा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. त्याच्या राज्यातील प्रदेशांची यादी वाचा. सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकरावंती. ही तीच नावे आहेत जी बलश्रीने आपल्या मुलाच्या राज्यात मोजली होती. दोन्ही लेखांत काही दशकांचेच अंतर. म्हणजे यातील काही प्रदेश हातातून गेले होते. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यातील एका लेखात सातवाहन राजाची राणी ही कार्दमक वंशातील महाक्षत्रपाची मुलगी असल्याची नोंद आहे. त्यामुळे 'जवळचे नाते' म्हणजे काय, याचाही अंदाज येतो. ज्या शकांचा नाश केल्याचा अभिमान नाशिकच्या भिंतीवर आहे, त्याच शक क्षत्रपांच्या घरातील मुलगी पुढे सातवाहनांच्या घरात सून म्हणून आली. वर्णसंकर थांबवल्याची घोषणा आणि प्रत्यक्ष राजकारण यांत एवढे अंतर होते.

रुद्रदामनाच्या लेखात एक गोष्ट मात्र मनाला पटते. वादळाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला. हा तलाव मुळात चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने बांधला होता आणि अशोकाच्या काळात यवनराज तुषास्फ याने त्याचे कालवे काढले होते. भगदाड इतके मोठे होते की सल्लागारांनी दुरुस्तीला विरोध केला आणि लोक हवालदिल झाले. शेवटी पल्हव अमात्य सुविशाख याने काम पूर्ण केले. राजा म्हणतो की यासाठी प्रजेवर जादा कर किंवा वेठबिगार लादली नाही, आपल्या खजिन्यातून पैसा दिला. हा दावा वाचताना एक प्रश्न विचारा. वेठबिगार लादली नाही हे अभिमानाने सांगावे लागते, याचा अर्थ एरवी काय होत असे?

समुद्रगुप्त आणि बोधगया

अलाहाबादच्या स्तंभावर हरिषेणाने लिहिलेली समुद्रगुप्ताची प्रशस्ती चौथ्या शतकातील. हा स्तंभही मुळात अशोकाचा. त्यावर संघात फूट पाडू नये, असा कौशांबीच्या महामात्रांना दिलेला अशोकाचा आदेश आहे. पुढे त्याच स्तंभावर मुघल बादशहा जहांगीर यानेही आपली वंशावळ कोरून घेतली. अशोकाचा दगड ज्याच्या हाती आला, त्याने त्यावर आपले नाव लावले.

हरिषेण सांगतो की समुद्रगुप्ताने दक्षिणापथातील १२ राजांना पकडून सोडून दिले, आर्यावर्तातील ९ राजांना उखडून टाकले आणि जंगलातील राजांना आपले सेवक केले. राजा केवळ लोकाचार पाळण्यापुरता माणूस आहे, एरवी तो पृथ्वीवर राहणारा देवच आहे, असे तो म्हणतो. राजाची सेवा करणाऱ्या, भेटी पाठवणाऱ्या दूरच्या लोकांच्या यादीत तो सिंहलचे, म्हणजे श्रीलंकेचे लोकही घालतो.

पण चिनी नोंदींत दुसरी बाजू मिळते. श्रीलंकेचा राजा मेघवर्ण याने बोधगयेला जाणाऱ्या सिंहली भिक्खूंची राहण्याची सोय व्हावी म्हणून तिथे विहार बांधण्याची परवानगी भेटवस्तू पाठवून मागितली आणि ती मिळाली. म्हणजे एका बौद्ध देशाने आपल्या भिक्खूंसाठी केलेली विनंती इथल्या दरबारी कवीच्या लेखात राजाची चाकरी होऊन बसली. विहार, भिक्खू, बोधगया यांचा प्रशस्तीत उल्लेखही नाही. केवळ प्रशस्तीवर विसंबलो असतो तर हा आपल्या इतिहासाचा तुकडा हरवला असता.

अशोकाचे लेख वेगळे का?

या सगळ्यांच्या शेकडो वर्षे आधीचे अशोकाचे लेख वाचले की फरक लगेच जाणवतो. त्यात आजोबा चंद्रगुप्त किंवा वडील बिंदुसार यांचे नाव नाही. हरवलेल्या राजांची यादी नाही. तेराव्या शिलालेखात कलिंग युद्धाचा उल्लेख आहे, पण तो विजय म्हणून नाही. दीड लाख लोकांना तिथून नेले गेले, एक लाख मारले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक मेले, असे आकडे तो स्वतः देतो आणि त्याचे दुःख होते असे सांगतो. इतर राजांनी मेलेल्या शत्रूंवर कीर्ती उभी केली. अशोकाने मेलेल्यांची संख्या आपल्या पश्चात्तापाचे कारण म्हणून नोंदवली.

पहिल्या शिलालेखात तो सांगतो की राजाच्या स्वयंपाकघरात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारले जातात, आणि पुढे तेही थांबेल. कवी असता तर त्याने ते दोन मोर लपवले असते. लघुशिलालेखात तो कबूल करतो की उपासक झाल्यावर सुरुवातीला त्याने फारसा प्रयत्न केला नव्हता. आपले अपुरेपण दगडावर कोरणारा राजा विरळाच. हे लेख लोकांना वाचून दाखवावेत असेही त्याने अधिकाऱ्यांना सांगितले. भाषा लोकांची ठेवली. कंदहारला ग्रीक आणि अरामी भाषेत लेख दिले. आपल्या नालासोपाऱ्यालाही त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत.

तरीही प्रश्न विचारायचा नियम अशोकालाही लागू केला पाहिजे. कलिंगाचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही. तिथे त्याऐवजी वेगळे आदेश आहेत. त्यात सर्व माणसे माझी मुले आहेत असे तो म्हणतो आणि कोणालाही विनाकारण कैद किंवा छळ होऊ नये अशी अधिकाऱ्यांना ताकीद देतो. जिंकलेल्या लोकांना त्यांच्याच मृतांचे आकडे वाचून दाखवणे राजाला नको वाटले असावे, असा तर्क अभ्यासक करतात. त्याच तेराव्या लेखात जंगलातील लोकांना तो आठवण करून देतो की पश्चात्ताप असला तरी राजाकडे शक्ती आहे. अशोक शासक होता, हे विसरून चालणार नाही. हे मान्य केल्याने त्याचे मोठेपण कमी होत नाही. उलट, सत्ता हातात असताना त्याने जे बोलून दाखवले त्याची किंमत अधिक कळते.

वाचताना पाच प्रश्न

पुढच्या वेळी एखाद्या राजाच्या लेखाचा फोटो आला, तर तो पुढे पाठवण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. लेख कोणी कोरून घेतला आणि लिहिणारा कोणाच्या पगारावर होता?

२. तो कुठे आहे आणि कोणासमोर आहे? लेण्यात, खडकावर, स्तंभावर?

३. यातील कोणते विशेषण साच्यातले आहे आणि कोणती माहिती ठोस आहे? गावाचे नाव, जमिनीचे माप, वर्ष, अधिकाऱ्याचे नाव ही ठोस माहिती.

४. नाणी, शत्रूचा लेख किंवा परदेशी नोंद याला दुजोरा देते की विरोध करते?

५. कोणाबद्दल लेख गप्प आहे?

कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना हीच शिकवण दिली. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका. दगडावर कोरले आहे म्हणूनही स्वीकारू नका, एवढे आपण त्यात समजून घ्यायला हरकत नाही. हा नियम आपल्याला गैरसोयीच्या ओळींना लावायचा आणि सोयीच्या ओळींना सोडायचा, असे केले तर विरोधकांत आणि आपल्यात फरक राहणार नाही. वादात एकदा आपली अर्धवट ओळ उघडी पडली की आपले खरे मुद्देही कोणी ऐकत नाही.

शेवटी एक गोष्ट. 'आपला राजा कोण' हे शोधण्यात आपण इतका वेळ घालवतो की त्याच डोंगरावरील लहान लेखांकडे दुर्लक्ष होते. कार्ले येथील चैत्यगृहाचे दार धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराने केले, अशी नोंद आहे. नाशिकच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाचे दान कोरलेले आहे. याच त्रिरश्मी डोंगरावर मुगूदास नावाच्या माणसाचे लेणे आहे. तो स्वतःला 'दासक' म्हणवतो आणि अभ्यासक त्याचा अर्थ मासेमार असा लावतात. या लेखांत कोणी समुद्राचे पाणी पीत नाही, कोणाची तुलना अर्जुनाशी होत नाही. नाव, गाव, काम आणि दान, एवढेच. त्यांना कवी परवडत नव्हता आणि खोटे सांगण्याचे कारणही फारसे नव्हते.

धम्म या भूमीवर कोणी उभा केला, याचा शोध घ्यायचा असेल तर राजांच्या प्रशस्त्या जरूर वाचा, पण प्रश्न विचारत वाचा. आणि लेण्यावर गेल्यावर सुताराचा आणि मासेमाराचा लेख वाचल्याशिवाय खाली उतरू नका.